संकेतस्थळाचे दार सर्वांसाठी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. मी व्याख्याता नव्हे. आयुष्याची तीस वर्षे एका बँकेच्या संगणक विभागात गेली आणि त्या अनुभवाच्या बळावर संस्थेची थोडीफार सेवा करता आली, एवढीच माझी पात्रता. विश्वस्त मंडळाने संस्थेचे नवे संकेतस्थळ करण्याचा ठराव नुकताच संमत केला आहे. त्या निमित्ताने 'आपले संकेतस्थळ' या विषयावर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. आपली परंपरा आणि प्रगती यांचे कौतुक मी करावे, अशी अपेक्षा असेल. परंतु आज मी माझ्या हातून झालेल्या दोन चुकांविषयी बोलणार आहे. आपण ते शांतपणे ऐकून घ्याल, असा विश्वास आहे.

दोन प्रसंग

संस्थेचे सध्याचे संकेतस्थळ सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्याच देखरेखीखाली तयार झाले. त्याचा रंग, त्यावरील सरकत्या सूचना, विश्वस्तांच्या छायाचित्रांची मांडणी, हे सर्व मी निवडले होते. पुढे त्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज आला आणि संस्थेच्या जुन्या प्रकाशनांच्या प्रतीही चढविल्या गेल्या. आपण सर्वांनी त्याचे कौतुक केले आणि मलाही त्याचा अभिमान होता.

माझे एक मावसभाऊ आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते निवृत्त शिक्षक असून संस्थेच्या पाठशाळेतही त्यांनी अनेक वर्षे शिकविले. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली. परंतु अण्णा स्वस्थ बसणारे नव्हेत. वयाच्या सत्तराव्या वर्षी ते 'स्क्रीन रीडर' शिकले. पडद्यावर जे लिहिलेले असते ते आवाजात वाचून दाखविणारी ही संगणकीय प्रणाली असते. एका दुपारी ते मला म्हणाले, "अरे, रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत माझा एक लेख आला होता. ती स्मरणिका संकेतस्थळावर आहे म्हणतात. मला तो पुन्हा एकदा ऐकायचा आहे."

मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या शेजारी बसलो. पान उघडले आणि संगणक बोलू लागला. विश्वस्तांच्या छायाचित्रांपाशी येताच नावांऐवजी छायाचित्रांच्या फाइलींचे निरर्थक क्रमांक ऐकू येऊ लागले. त्यानंतर "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा" असे अनेक वेळा ऐकू आले. कशासाठी क्लिक करायचे, ते कळेना. सूचनांचा मजकूर तर इंग्रजी अक्षरांचा अर्थशून्य गोंगाट होऊन बाहेर पडला. अखेर मीच हात पुढे करून स्मरणिका उघडून दिली. अण्णांचा लेख माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होता आणि संगणक सांगत होता, "पान रिकामे आहे."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लेख तिथे आहे ना रे?" मी म्हणालो, "आहे अण्णा, मी वाचून दाखवतो." ते म्हणाले, "तू वाचशील, ते ठाऊक आहे. पण मला तो माझा मी ऐकायचा होता."

दुसरा प्रसंग अधिक क्लेशदायक आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीनंतर चार दिवसांनी, तोही हस्ते, कार्यालयात आला. नियमाप्रमाणे आम्ही तो परत केला. त्या समितीत मी होतो. पुढे तिच्या आईची भेट झाली तेव्हा कळले की मुलगी अल्पदृष्टी आहे. अर्ज तिने स्वतः संगणकावर भरण्याचा चार-पाच वेळा प्रयत्न केला. शेवटी जी वेडीवाकडी अक्षरे चित्रात ओळखून लिहावी लागतात, तिथे ती प्रत्येक वेळी अडकली. कौटुंबिक उत्पन्नाचा तपशील परक्या माणसाकडून भरून घेणे तिला नको होते. मुदत संपली. आमच्या इतिवृत्तात नोंद झाली ती एवढीच : 'अर्ज विलंबाने प्राप्त, अमान्य.' विलंब तिच्या हातून झाला असे आम्ही लिहिले. तो आमच्या अर्जामुळे झाला होता.

या दोन्ही प्रसंगांत कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. केवळ आम्हाला ठाऊक नव्हते. परंतु आता ठाऊक झाले आहे आणि म्हणून हे बोलणे आवश्यक वाटते.

सुगम्यता म्हणजे काय?

संकेतस्थळ दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या मदतीवाचून वापरता येणे, याला सुगम्यता म्हणतात. आपल्या भवनाच्या पायऱ्यांशेजारी आपण उतार बांधला, तशीच ही व्यवस्था आहे. दिव्यांग म्हटले की आपल्यासमोर केवळ दृष्टिहीन येतात. प्रत्यक्षात ज्यांचे हात कापतात व माऊस धरता येत नाही, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना काही रंगांतील भेद कळत नाही, ज्यांना लांबलचक व क्लिष्ट मजकूर समजण्यास अडचण जाते, त्या सर्वांचा यात समावेश होतो.

महाजालाचे मानदंड ठरविणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ साली सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्यातून १९९९ साली मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती आली. २००८ साली दुसरी आवृत्ती आली आणि तिचाच विस्तार असलेली २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. या तत्त्वांचे सार चार अपेक्षांत सांगता येते. मजकूर कोणत्या ना कोणत्या इंद्रियाने जाणवला पाहिजे. पान प्रत्येकाला चालविता आले पाहिजे. त्यावरील आशय समजला पाहिजे. आणि निरनिराळ्या साधनांवर ते टिकले पाहिजे. पालनाच्या तीन पायऱ्या ठरविलेल्या असून 'दुहेरी ए' ही मधली पायरी जगभर व्यवहारात सामान्यतः स्वीकारली जाते.

स्क्रीन रीडर पडद्याकडे 'पाहत' नाही. पानामागे जी संगणकीय संहिता असते ती तो वाचतो. छायाचित्रामागे त्याचे वर्णन लिहिलेले असेल तर तो ते उच्चारतो. नसेल तर बहुधा फाइलीचे नाव उच्चारतो. शीर्षक खरोखर 'शीर्षक' म्हणून नोंदलेले असेल, तर ऐकणारा एक कळ दाबून पुढच्या शीर्षकावर जाऊ शकतो. आपण केवळ अक्षर मोठे व ठळक केले असेल, तर त्याच्या दृष्टीने ते शीर्षकच नसते. अर्जातील रकान्याला 'वडिलांचे नाव' हे लेबल संहितेतच जोडले नसेल, तर त्याला रिकामी चौकट एवढेच कळते.

मराठीची स्वतंत्र अडचण

आपल्या सूचनांचा गोंगाट का झाला, हे सांगणे मला विशेष महत्त्वाचे वाटते. कारण हा दोष केवळ आपल्या संकेतस्थळाचा नाही. मराठीतील असंख्य संस्थांच्या मजकुरात तो आहे.

युनिकोड ही पद्धती सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण जे फाँट वापरीत होतो, त्यांत देवनागरीची आकृती इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसविलेली असे. उदाहरणार्थ, कृतिदेव फाँटात 'कमल' हा शब्द दिसतो देवनागरीत, परंतु संगणकाच्या स्मृतीत तो डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरे म्हणून साठविलेला असतो. डोळ्यांना कमल दिसते; कानाला ती इंग्रजी अक्षरेच ऐकू येतात. तोच मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही. याउलट युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक २३२५, आणि तो जगातील प्रत्येक संगणकावर 'क' च असतो. स्क्रीन रीडर त्याचा उच्चार 'क' असाच करतो.

स्मरणिकेच्या पानाचा दोष निराळा होता. ते पान म्हणजे मजकुराचे छायाचित्र होते. छायाचित्रात अक्षरे असली तरी संगणकाच्या लेखी तो शाईचा आकार असतो, शब्द नव्हे. म्हणून त्याने पान रिकामे आहे असे सांगितले, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच होते.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत शास्त्रदानाचे स्थान मोठे आहे. आपल्या दात्यांनी पदरमोड करून ग्रंथांच्या प्रती संकेतस्थळावर आणल्या. परंतु ज्याला तो ग्रंथ उघडूनही वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत ते दान पोहोचले का, याचा विचार आपण करावयास हवा.

कायदा काय सांगतो?

सिडनी येथे २००० साली ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन गृहस्थांना स्पर्धेचे संकेतस्थळ वापरता येईना. चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, खेळांच्या सूचीपर्यंत पोहोचता येत नव्हते, निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते. त्यांनी तेथील मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. सुधारणांना खर्च व वेळ फार लागेल, असा आयोजकांचा बचाव होता. आयोगाने तो मान्य केला नाही आणि ऑगस्ट २००० मध्ये हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. आयोजकांनी आदेशाचे पूर्ण पालन न केल्याने त्यांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

आपला देशही याबाबतीत मागे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारास भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये मान्यता दिली. त्या अनुषंगाने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील आशय दिव्यांगांना सुगम असावा, अशी तरतूद या कायद्यात आहे आणि सेवा पुरविणाऱ्या खाजगी संस्थांनाही त्याने सुगम्यतेचे नियम लागू केले आहेत.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे इजा पावलेल्या स्त्रियांना बँकेच्या ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखविणे अशक्य होते. दृष्टिहीनांनाही ती प्रक्रिया स्वतः पूर्ण करता येत नव्हती. न्यायालयाने असे स्पष्ट केले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या अधिकाराचा अविभाज्य भाग आहे, आणि शासन व नियामक संस्थांना वीस निर्देश दिले. मी हे आपल्याला भीती दाखविण्यासाठी सांगत नाही. ज्या गोष्टीला आपण आजवर सवलत किंवा दया समजत आलो, तिला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकार म्हटले आहे, हे ध्यानात यावे म्हणून सांगतो.

एक स्वाभाविक शंका

हा विषय मी एका बैठकीत मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "आपल्या समाजात अशी माणसे असून असून किती असतील?" प्रश्न प्रामाणिक होता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार होती. आपल्या समाजातील संख्या मी सांगू शकत नाही, कारण आपण ती कधी मोजली नाही. परंतु ज्यांना आपल्या संकेतस्थळात शिरताच आले नाही, त्यांची नोंद संकेतस्थळावर सापडणार कशी? त्या विद्यार्थिनीची नोंद 'विलंबाने अर्ज करणारी' अशी झाली, दिव्यांग म्हणून झालीच नाही.

शिवाय या सभागृहाकडे पाहावे. आपल्यापैकी किती जणांचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रियापूर्व दिवस आठवणीत आहेत? किती जणांना भ्रमणध्वनीवरील बारीक अक्षरे दूर धरून वाचावी लागतात? किती जणांना प्रवचनाची ध्वनिचित्रफीत नीट ऐकू येत नाही? सुगम्यता आज ज्यांच्यासाठी करावयाची ते थोडे असतील, परंतु वय आपल्या सर्वांना त्या दिशेनेच घेऊन चालले आहे.

दुसरी शंका खर्चाची. इमारत बांधून झाल्यावर उतार काढायचा म्हणजे पायऱ्या फोडाव्या लागतात. आराखड्यातच तो असला तर वेगळा खर्च जाणवत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आपले नवे संकेतस्थळ अजून कागदावर आहे, म्हणून हा विषय आजच मांडणे योग्य. 'वेबएम' ही अमेरिकेतील संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठांची यांत्रिक तपासणी करते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पृष्ठांवर दोष आढळले. त्यांतील बहुतांश दोष सहाच प्रकारचे होते : फिकट अक्षरे, वर्णनाविना चित्रे, लेबलाविना रकाने, नाव नसलेले दुवे, नाव नसलेली बटणे आणि पानाची भाषा न नोंदविणे. यांतला एकही दोष दूर करण्यास फार मोठी विद्या लागत नाही.

विश्वस्त मंडळास विनंती

म्हणून नव्या संकेतस्थळाच्या कामी काही सूचना नम्रपणे करतो.

पहिली, काम देतानाच करारात असे लिहावे की संकेतस्थळ सुगम्यतेच्या २.२ आवृत्तीच्या 'दुहेरी ए' पायरीस उतरले पाहिजे व तसे तपासल्यावरच अखेरचा हप्ता दिला जाईल. काही कंपन्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठे करण्याचे बटण बसवून काम झाले असे सांगतात. तेवढ्याने सुगम्यता येत नाही.

दुसरी, सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि पानाची भाषा मराठी आहे, हे संहितेत नोंदवावे. म्हणजे वाचणारा आवाज मराठीची उच्चारपद्धती निवडू शकेल.

तिसरी, प्रत्येक चित्राला वर्णन द्यावे. "अध्यक्ष शिष्यवृत्तीचे वितरण करताना" एवढे एक वाक्य पुरेसे आहे. "येथे क्लिक करा" ऐवजी "शिष्यवृत्तीचा अर्ज" असा स्पष्ट दुवा द्यावा.

चौथी, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान साडेचारास एक असावे. पिवळ्यावर केशरी अक्षरे आपल्याला मंगल वाटतात, मीच ती निवडली होती. पण ती अनेकांना वाचता येत नाहीत. सरकत्या सूचना थांबविण्याची सोय असावी. खरे तर त्या नसाव्यातच.

पाचवी, संपूर्ण अर्ज माऊसला हात न लावता, केवळ कळफलकावर भरता यावा. चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट काढावी. अर्जाच्या पानावर कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि तांत्रिक अडचणीमुळे विलंब झाल्यास अर्ज विचारात घेतला जाईल, असा नियम करावा.

सहावी, प्रवचनांच्या ध्वनिचित्रफितींखाली मजकूर यावा. यंत्राने तयार केलेला मजकूर पारिभाषिक शब्दांत हमखास चुकतो, म्हणून तो जाणकाराने तपासावा.

सातवी, जुन्या प्रकाशनांची पाने टप्प्याटप्प्याने युनिकोड मजकुरात आणावीत. छायाचित्रातील अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या प्रणाली आता मराठीसाठीही उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरांत त्या चुका करतात. येथे आपल्या युवक मंडळाला आणि महिला मंडळाला मोठे काम आहे. रोज दोन पाने तपासली तरी वर्षात सातशेहून अधिक पाने होतात.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना : संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ते दिव्यांग व्यक्तींकडून वापरून पाहावे आणि त्यांच्या वेळेचे योग्य मानधन द्यावे. यंत्राच्या तपासणीत रकान्याला लेबल आहे की नाही एवढे कळते. ते लेबल समजण्याजोगे आहे की नाही, हे माणूसच सांगू शकतो. मी वीस वर्षे ते संकेतस्थळ पाहत होतो आणि मला एकही दोष दिसला नाही. अण्णांना ते सारे पहिल्या दहा मिनिटांत कळले.

बंधु-भगिनींनो, हे भाषण सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापले जाणार असल्याचे संपादकांनी मला कळविले आहे. त्यांना माझी एकच विनंती आहे. स्मरणिका छापून झाल्यावर तिची प्रत संकेतस्थळावर ठेवताना ती छायाचित्रांच्या रूपात ठेवू नये, युनिकोड मजकुराच्या रूपात ठेवावी. अण्णांचा पंचवीस वर्षांपूर्वीचा लेख मी गेल्या महिन्यात रात्री बसून टंकलिखित केला आणि त्यांना पाठविला. तो ऐकून त्यांचा दूरध्वनी आला. लेखाचे कौतुक मी करीन असे त्यांना वाटले असावे, पण ते म्हणाले, "तिसऱ्या परिच्छेदात तुझी एक शुद्धलेखनाची चूक झाली आहे, ती दुरुस्त कर." शिक्षकच ते. परंतु ती चूक त्यांनी स्वतः शोधली, याचा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

त्या विद्यार्थिनीची मात्र आम्ही अजून क्षमा मागितलेली नाही. नव्या संकेतस्थळावरील अर्ज पहिल्यांदा तपासण्यासाठी तिला सन्मानाने बोलवावे आणि त्या वेळी समितीच्या वतीने मी तिची क्षमा मागावी, अशी अनुमती विश्वस्त मंडळाने द्यावी, ही प्रार्थना करून मी माझे भाषण संपवितो.